पुराण, कहाणी आणि आपली गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका तालुक्याच्या गावी बचत गटांतल्या बायकांचा मेळावा होता. गावातल्या मुलींना संध्याकाळी हायस्कूलमधून परत यायला एस.टी. नाही, अशी तक्रार एका गटाला साहेबांपुढे मांडायची होती. ज्या बाईंवर हे काम सोपवले होते, त्यांना कोणीतरी भाषण लिहून दिले होते. ‘स्त्रीशिक्षण ही काळाची गरज आहे’ या वाक्याने त्याची सुरुवात होती. बाई वाचत होत्या आणि मंडपात कुजबुज वाढत होती. साहेब घड्याळ पाहत होते. दुसरे पान उलटताना बाईंचा हात थरथरला आणि कागद खाली पडले. ते उचलायच्या ऐवजी त्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, माझी पोरगी आठवीतनं घरी बसली. हुशार होती. शेवटची गाडी चुकली की तीन मैल चालत यायची. एकदा अंधार पडला, तिच्या बापानं दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर टाकलं. ते अजून तिथंच आहे. आता धाकटी सातवीत आहे.”

मंडप चिडीचूप झाला. साहेबांनी खिशातले पेन काढले आणि विचारले, “शाळा सुटते किती वाजता?”

मंडळी, त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. दोन पाने भाषण जे करू शकले नाही, ते माळ्यावरच्या एका दप्तराने कसे केले? आणि त्या बाईंना हे शिकवले कोणी? स्वतःची गोष्ट अशी सांगायची की ऐकणाऱ्याचा हात पेनाकडे जावा, ही विद्या आपल्याकडे आली कुठून? आज आपण त्या विद्येचा इतिहास थोडा चाळून पाहणार आहोत. तो महाराष्ट्रात आपल्या अगदी हाताशी आहे.

पुराणिकाची मुलगी

सुरुवात पंडिता रमाबाईंपासून करू. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. तेवढ्या एका अपराधासाठी त्यांना विरोध सोसावा लागला आणि त्यांनी गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते निघालेच. देवळात, घाटावर, धर्मशाळेत बसून पुराणे सांगायची आणि लोक जे घालतील त्यावर गुजराण करायची, असे त्यांचे आयुष्य होते. रमाबाईंचे बालपण कथा सांगण्यात आणि ऐकण्यात गेले. श्रोते केव्हा पुढे सरकतात, केव्हा जांभई देतात, कोणत्या प्रसंगाला डोळ्यांना पदर लावतात, हे ज्या मुलीने लहानपणापासून पाहिले, तिला वक्तृत्वाचा वेगळा वर्ग कशाला हवा?

मग दुष्काळाचे दिवस आले. आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला, तोही जातीबाहेर. दोन वर्षांच्या आत पती कॉलऱ्याने गेले. १८८२ साली चोवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यात आली.

त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे रमाबाईंची साक्ष झाली. ही साक्ष मला फार महत्त्वाची वाटते. आयोगाचा पहिला प्रश्न ठरीव होता: शिक्षणाच्या विषयाची माहिती तुम्हाला कशी मिळाली? रमाबाईंनी उत्तरात आपल्या वडिलांचे नाव पुढे केले. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केल्याबद्दल ज्यांना हाल सोसावे लागले, त्यांची मी मुलगी आहे आणि हे काम पुढे नेणे मी माझे कर्तव्य समजते, अशा आशयाचे ते उत्तर होते. एवढेच बोलून त्या मागण्यांकडे वळल्या. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात, त्यांना नीट शिकवून तयार करायला हवे, तपासणीला स्त्री अधिकारी हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्यायला हवे, कारण पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगायला लाजून बायका मरतात.

किती नेमके आहे पाहा. स्वतःची गोष्ट दोन ओळींत आटोपली. आपण बोलतो ते कोणत्या अधिकाराने, एवढेच ती सांगते. त्यानंतर काय हवे त्याची यादी. रमाबाईंच्या घरात झालेले मृत्यू, उपासमार, वैधव्य यांतले काहीही तिथे आले नाही. रडून दाखवण्याची ती जागा नव्हती हे त्यांना कळत होते.

पाच वर्षांनी, १८८७ साली, अमेरिकेत त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. आनंदीबाई ज्या महाविद्यालयात शिकल्या, त्याच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. गंमत अशी की रमाबाईंचे आयुष्य वाचकांना कळते ते मुख्यतः त्या प्रस्तावनेतून. रमाबाईंनी स्वतः लिहिले ते उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या बालपणाबद्दल, संसाराबद्दल, वैधव्याबद्दल. आपले आयुष्य त्यांनी स्वतः सविस्तर लिहिले ते वीस वर्षांनी, १९०७ साली. १८८७ च्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी वाचकांना सरळ आवाहन केले. तरुण विधवांसाठी घर हवे आहे, तिथे त्यांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करायचे आहे, त्यासाठी मदत करा.

मदत आली. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. एका पुस्तकातून एक घर उभे राहिले.

एका घरातून दुसरे घर

या घरात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी कोण होती? देवरुखच्या जोशांची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. सासरच्या घरात राबण्यात तिची कितीतरी वर्षे गेली. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता. त्याने तिला आणून सदनात घातले. नरहरपंतांचे एक स्नेही होते, मुरुडचे धोंडो केशव कर्वे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवत. त्यांची पहिली पत्नी १८९१ मध्ये वारली होती. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. १८९३ साली त्यांचा आणि गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. त्याची झळ त्यांच्या आईलाही बसली. कर्वे गावाशी भांडत बसले नाहीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिथे गेला. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याला जायचे. सुटी लागली की झोळी घेऊन गावोगाव वर्गणीला. त्यांचे बोलणे हळू आणि साधे असे. सभा जिंकणारे ते वक्ते नव्हते. पण पैपैचा हिशेब ते मांडून दाखवत.

१९१५ साली कर्व्यांनी ‘आत्मवृत्त’ लिहिले. हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. मुलकी परीक्षेसाठी ते मित्रांबरोबर मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेले होते. तिथल्या साहेबांनी त्यांच्या लहानखुऱ्या अंगलटीकडे पाहून, तू इतक्या वयाचा दिसत नाहीस म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. ही फजितीची हकीकत कर्वे किती शांतपणे सांगतात! कोणाला दोष नाही, स्वतःची कीव नाही. चुकले तिथे चुकलो म्हणायचे आणि पुढे चालायचे. असा माणूस दाराशी येऊन ‘अमुक इतके कमी पडतात’ म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास न ठेवणे अवघडच.

आणि इथे विश्वासाचा धागा आपण नीट धरू. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, असा ओरडा १८९३ साली पुण्यात झाला. रमाबाई स्वतः १८८३ मध्येच इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सदनाशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. कोणाची बाजू किती खरी, हा वाद इथे नको. आपल्या विषयापुरते एवढेच घ्यायचे की गोष्टीने माणसे जवळ येतात, पण त्यांना जवळ ठेवायला गोष्ट पुरत नाही. तिथे रोजचा व्यवहार लागतो.

स्वयंपाकघरातून व्यासपीठावर

या साखळीतली तिसरी कडी मला सगळ्यांत जवळची वाटते. त्या म्हणजे आनंदीबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरी लहान मुलगा. रीतीप्रमाणे केशवपन झाले. बहिणीने पुनर्विवाह केला, पण पार्वतीबाईंना स्वतःला तसे करायचे नव्हते. त्या आश्रमाच्या कामाला लागल्या. मोठेपणी शिकल्या आणि आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या. मग वर्गणी जमवायला बाहेर पडल्या.

त्या काळची कल्पना करा. विधवा बाईने सणासमारंभात पुढे यायचे नाही, सकाळी कोणाच्या वाटेत आडवे जायचे नाही. अशा बाईने परक्या गावात, परक्या पुरुषांच्या सभेत उभे राहायचे आणि बोलायचे. काय बोलायचे? तिच्याजवळ ग्रंथांचा आधार नव्हता, इंग्रजी नव्हते. तिच्याजवळ होते ते तिचे आयुष्य. अलवणातली, केशवपन केलेली बाई विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते आहे, हे नुसते दिसणेसुद्धा अर्धे भाषण होते. ही बाई आपल्या चालीरीती सोडून गेलेली आहे, असा ठपका ठेवायला सभेला जागाच नव्हती.

पण पुढे काय झाले ते जास्त महत्त्वाचे आहे. चाळिशी ओलांडल्यावर पार्वतीबाईंनी केशवपन सोडले. जी खूण त्यांच्या बोलण्याला वजन देत होती, तीच त्यांनी टाकली. लोकांनी टीका केली, नाही नाही ते तर्क केले. त्यांनी ते सोसले. विधवेच्या दुःखाची गोष्ट सांगत फिरायचे आणि त्या दुःखाची खूण मात्र सोयीची आहे म्हणून जपायची, हे त्यांच्या मनाला पटले नसणार, असे मला वाटते.

पुढे १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ही बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला निघाली. तिथे लोकांच्या घरी कामाला राहून, भांडी घासून, झाडलोट करून तिने दिवस काढले, भाषा शिकली, आश्रमाबद्दल लोकांना सांगितले आणि १९२० मध्ये ती परत आली. आपले म्हणणे आणखी लोकांपर्यंत पोचावे म्हणून माणूस काय काय करू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

पार्वतीबाईंचे आत्मचरित्र १९२८ साली निघाले. त्याचे नाव ‘माझी कहाणी’. आनंदीबाई कर्व्यांनीही पुढे आपल्या आठवणी सांगितल्या. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘माझे पुराण’. या दोन नावांपाशी जरा थांबू या.

पुराण हे देवांचे, ऋषींचे, राजांचे. ते सांगायचे पुराणिकबुवांनी आणि ऐकायचे बायकांनी. ज्या बाईला आयुष्यभर ‘तुझं पुराण पुरे कर’ असे ऐकावे लागले, ती म्हणते, हे माझे पुराण. आणि कहाणी? श्रावणात घराघरांत बायका हातात तांदळाचे दाणे घेऊन जी ऐकतात ती कहाणी. आटपाट नगरापासून सुरू होते. कोणीतरी गरीब, कोणीतरी नावडती, कोणावर तरी आळ. मग तिला वाटेत कोणी भेटते आणि ती विचारते, “मी काय करू?” समोरची तिला वसा सांगते: अमुक वारी हे कर, तमुक वेळी ते कर. ती ते करते, तिचे दिवस फिरतात. आणि शेवटी कहाणी ऐकणाऱ्यांकडे वळते. जसे तिला फळ मिळाले तसे तुम्हाआम्हाला मिळो. मगच सुफळ संपूर्ण.

आता या कहाणीची बांधणी बघा. आधी एका बाईचे दुःख, सगळ्या जगाचे नाही. मग नेमके काय करायचे त्याची कृती, तिथीवारासकट. शेवटी ते फळ सगळ्यांसाठी मागणे. रमाबाईंची साक्ष, त्यांचे आवाहनाचे प्रकरण, पार्वतीबाईंची वर्गणी, सगळे याच बांधणीत बसते. परदेशातून आलेल्या कुठल्या तंत्राची गरज नव्हती. आमच्या आज्या दर श्रावणात ते गिरवत होत्या. फरक एवढाच पडला की आता कहाणीतली नावडती स्वतःच बोलू लागली, आणि तिने सांगितलेला वसा देवाचा नव्हता. शाळेचा होता.

जिची कहाणी ऐकली गेली नाही

पण मंडळी, इथेच थांबलो तर ही हकीकत अर्धवट राहील. रमाबाईंच्या साक्षीच्या सत्तावीस वर्षे आधी, १८५५ साली, पुण्यातल्याच एका मुलीने लेखणी उचलली होती. मुक्ता साळवे तिचे नाव. जातीने मांग. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत ती सुमारे तीन वर्षे शिकली होती, वय चौदाच्या आसपास. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला.

त्या निबंधात काय नाही? तालमीपुढून गेला म्हणून ज्यांची डोकी मारली जात, त्यांची आठवण आहे. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, हा बिनतोड सवाल आहे. आणि एक जागा अशी आहे की वाचताना अंगावर काटा येतो. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर धड छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय होत असेल, ते आपल्या स्वतःच्या अनुभवावरून मनात आणून पाहा, असे ती मुलगी वाचणाऱ्यांना सांगते. चौदा वर्षांच्या मुलीला हे उमगले होते की ऐकणाऱ्याला त्याच्याच घरातल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत नेल्याशिवाय दुसऱ्याच्या खोपट्यातली थंडी त्याला कळणार नाही.

मग या निबंधातून कोणते घर उभे राहिले? कोणत्या शहरात मंडळ स्थापन झाले? काहीच नाही. निबंध विस्मरणात गेला आणि शतकाहून अधिक काळाने अभ्यासकांनी तो पुन्हा वर काढला. मुक्ताच्या सांगण्यात उणे काहीच नव्हते. उणे होते ते ऐकणाऱ्यांत. ज्यांच्या हाती पेन आणि पैसा होता, त्यांना विधवा बहिणीचे दुःख घरातले वाटले आणि बाळंतीण मांगिणीचे दुःख गावकुसाबाहेरचे. रमाबाईंच्या पुस्तकाचे नावच ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ असे होते. हिंगण्याच्या आश्रमाची दारेही सुरुवातीला मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीच उघडी होती. कर्व्यांचे काम थोरच आहे, आणि याच कर्व्यांनी उतारवयात, १९४४ साली, समता संघ काढला हेही खरे. पण ज्या कहाण्यांनी घरे बांधली त्यांच्याबरोबर, जिने बांधले नाही ती कहाणीही आपण लक्षात ठेवली पाहिजे.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच पेच ओळखला होता. अस्पृश्यता म्हणजे काय, हे ज्याने ती भोगली नाही त्याला कसे सांगायचे? विशेषतः परदेशी माणसाला? नियमांची जंत्री देऊन ते कळत नाही. म्हणून १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने आपल्या आणि इतरांच्या आयुष्यातले मोजके प्रसंग लिहून काढले. ते पुस्तकरूपाने आले १९९० मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडील गोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला लहानगा भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने निघाले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. मुलांचा आनंद मावत नव्हता. मसूर स्टेशनवर उतरले तर घ्यायला कोणी नाही. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला. जात कळताच दूर झाला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. डबा जवळ होता, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही. भुकेली मुले अन्न समोर असून जेवू शकली नाहीत.

कायदेपंडित असलेल्या, मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने इथे एकही विशेषण वापरण्याची घाई केलेली नाही. नवी टोपी, बैलगाडी आणि नसलेले पाणी, बस. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्यामागे किती लेकरांच्या अशा रात्री होत्या, हे वाचणाऱ्याचे त्यालाच कळते.

नंतरची परंपरा आपल्याला ठाऊक आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि मराठी वाचकाचे घर हादरले. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपल्या छोट्या दुकानात, माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचत वाचत वाचनाची गोडी लावून घेतली. लिहिलेल्या वह्या त्यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवल्या. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. नावात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे, हे ध्यानात घ्या. आणि नुसते लिहून त्या थांबल्या नाहीत. फलटणजवळ निंबुऱ्याला त्यांनी मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. घेतला वसा त्यांनी टाकला नाही.

दप्तर खाली काढताना

आता पुन्हा त्या मेळाव्यातल्या बाईंकडे येऊ. आज आपापली गोष्ट सांगायचे दिवस आहेत. सभेत, टी.व्ही.वर, मोबाइलवर, सगळीकडे माणसे आपली दुःखे सांगत असतात. ऐकणारेही हळहळतात आणि पुढे जातात. संस्था आपल्या अहवालासाठी कोणाकोणाला उभे करून त्यांची कर्मकथा सांगायला लावतात. सांगणारी बाई घरी जाते, तिच्या हातात काहीच पडत नाही. अशा वेळी आपल्या या पूर्वसुरींकडे पाहावेसे वाटते.

रमाबाईंनी कुठे किती सांगायचे ते स्वतः ठरवले. आयोगापुढे दोन ओळी, पुस्तकात जवळजवळ काही नाही, आणि सगळे आयुष्य सांगायचे ते आपल्या वेळेला, आपल्या शब्दांत. आपले दुःख ही आपली चीज आहे. ते कोणापुढे उघडायचे आणि कोणापुढे झाकून ठेवायचे, हा हक्क सांगणाऱ्याचाच राहिला पाहिजे. पार्वतीबाईंनी दाखवले की आपण जे सांगतो त्याची किंमत आधी आपल्याला मोजावी लागते. कर्व्यांनी दाखवले की गोष्ट ऐकून कोणी रुपया दिला तर त्याचा हिशेब देईपर्यंत गोष्ट संपत नाही. बाबासाहेबांनी दाखवले की प्रसंग खरा असला तर आवाज चढवावा लागत नाही. आणि मुक्ता साळवेने आपल्याला, म्हणजे ऐकणाऱ्यांना, कायमचे कोड्यात टाकले आहे. एखादी गोष्ट निष्फळ गेली की आपण म्हणतो, तिला सांगता आले नाही. आपल्याला ऐकता आले नाही असे कधी म्हणतो का?

त्या गावाला संध्याकाळची गाडी पुढे काही महिन्यांनी सुरू झाली. मध्येच बंद पडे, पुन्हा अर्ज करावे लागत. बाई पुन्हा जात. त्यानंतर एकदा त्या भेटल्या तेव्हा मी विचारले, “त्या दिवशी कागद पडले नसते तर?” त्या हसल्या. म्हणाल्या, “पडले कुठं? मीच सोडले. साहेब घड्याळाकडं बघत होते ना.”

मी आपला इतकी वर्षे त्यांचा हात थरथरला असेच समजत होतो.

धाकटी दहावी झाली. माळ्यावरचे दप्तर खाली काढून तिनेच वापरले होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)